पवळ्याच्या कपाळावरचा गेरू

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली आणि घरात फ्रिज आला त्याला अठरा. या अठरा वर्षांत फ्रिजच्या मधल्या कप्प्यात मी कोथिंबिरीची काडीसुद्धा ठेवलेली नाही. तो कप्पा कुत्र्यांचा. म्हणजे कुत्र्यांच्या लशीचा. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठल्या गावात शिबिर असलं की आदल्या संध्याकाळी आमचे हे लशीचा डबा घरी आणतात, कारण ऑफिस उघडतं दहाला आणि कुत्री सापडतात सहाला. मग त्या रात्री फ्रिजचं दार उघडायचं नाही.

"बकुळे, दार!"

यांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. मी दोन जड पिशव्या घेऊन जिना चढून आले तर तेही ऐकू येत नाही. पण फ्रिजचं दार बोटभर उघडलं की बरोबर ऐकू येतं. दोन डिग्रीच्या खाली गेली की लस गोठून वाया, आठच्या वर गेली की उबून वाया. त्यासाठी आत एक थर्मामीटर टांगलाय. दर दोन तासांनी तो बघतात आणि वहीत लिहितात. मी एकदा विचारलं, माझा ताप कधी वहीत लिहिलात का? तर म्हणाले, तू आठच्या वरच असतेस नेहमी.

तर असे आमचे वाल्मीकराव. पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे जनावरांना लस टोचायची, जंताच्या गोळ्या द्यायच्या, वहीत नोंद करायची. आम्ही राहतो टेमघरला आणि यांची ड्युटी भिवंडीच्या आसपासच्या गावांत. नोकरीला लागले तेव्हा म्हशी होत्या, बैल होते, गाभण गाई होत्या. लोक "ढोरांचा डॉक्टर आला" म्हणून चहा ठेवायचे. मग शेतांवर गोडाऊनं उभी राहिली. पूर्णा गावात तर आता ट्रकच रवंथ करत उभे असतात. बैल गेले, म्हशी गेल्या आणि प्रत्येक गोडाऊनच्या गेटवर पाच-पाच कुत्री आली. मग हे झाले कुत्र्यांचे डॉक्टर. माझ्या बहिणीच्या सासरी अजून सांगतात, जावईबापू कुत्री पकडतात. मी सांगून दमले की पकडत नाहीत, टोचतात. काही फरक पडत नाही.

मांजरांचं तर विचारूच नका. लूमच्या कारखान्यांत मांजरं लागतात, नाहीतर उंदीर सूत कुरतडतात. मांजर टोचायचं म्हणजे आधी उशीच्या अभ्र्यात घालायचं आणि फक्त मागचा पाय बाहेर काढायचा. अभ्रे कोणाच्या घरचे? माझ्या. एकदा एका कारखान्यातल्या चाचांनी यांना विचारलं, "साहब, टीका लगने के बाद चूहा तो पकड़ेगी ना? कहीं शरीफ तो नहीं हो जाएगी?" हे अर्धा तास त्यांना समजावत बसले. घरी येऊन मलाही समजावलं, मी विचारलेलं नसताना.

या माणसाला अभिमान दोनच गोष्टींचा. एक वही आणि दुसरा गेरू.

कुत्र्याला लस झाली की खूण करावी लागते, नाहीतर तेच कुत्रं दोनदा आणि शेजारचं एकदाही नाही, असा घोळ होतो. ऑफिसातून निळा रंग मिळायचा. पण लोक भांडायला यायचे, आमच्या कुत्र्याचं ध्यान केलंत म्हणून. मग यांनी डोकं लावलं. गावात जनावराला गेरू लावलेला चालतो, पिढ्यान्‌पिढ्या लावतातच. म्हणून गेरू कालवायचा, त्यात डिंकाचं पाणी घालायचं आणि लस झाली की कुत्र्याच्या कपाळावर अंगठ्याचा एक ठसा. आठ-दहा दिवस जात नाही. कोणी भांडायला येत नाही. उलट लोक स्वतः हाक मारून सांगू लागले, आमच्याला गेरू राहिलाय. हे छाती काढून म्हणायचे, "माझा ठसा म्हणजे सरकारी शिक्का. सत्तावीस वर्षांत एक चूक दाखव." मी दाखवायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण नाहीच सापडली.

आता माझं एक सांगून टाकते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला सुईची भीती वाटते. साधी भीती नाही, हातपाय गार पडतात. धम्मदिनाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या वेळी नर्स धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आली तर मी सात महिन्यांचं पोट घेऊन वॉर्डाच्या बाहेर पोचले होते. कोरोनाच्या लशीला दोन नर्स आणि एक वॉचमन लागला. घरात नवरा सुया घेऊन हिंडतो आणि बायकोची ही तऱ्हा. बाहेर हे कोणाला माहीत नव्हतं. बाहेर मी आवाजाने सगळ्यांना गार करते.

गेल्या वर्षीची दिवाळी. फटाक्यांनी कुत्री बिथरतात, धावतात, चावतात, म्हणून यांनी अंजूरची पहिली फेरी दिवाळीच्या आधी केली. निम्मी कुत्री टोचली, निम्म्यांच्या कपाळाला गेरू लागला. बाकीची भाऊबीज झाल्यावर करायची ठरलं. त्याप्रमाणे दुसऱ्या फेरीला हे पहाटे केसरीनाथच्या रिक्षातून गेले. केसरीनाथ अंजूरचाच, रिक्षा चालवतो आणि यांच्यासाठी कुत्रीही धरतो. सात वाजता मी दुधासाठी फ्रिज उघडला तर वरच्या खणात बर्फाची पाकिटं तशीच! लस डब्यात आणि बर्फ घरी. माझं तर डोकंच फिरलं. मी दाराची चिंता अठरा वर्षं वाहायची आणि हे बर्फ विसरणार? पाकिटं टॉवेलात गुंडाळली, दुसरी रिक्षा केली आणि अंजूर गाठलं. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं मनात लावून ठेवलं होतं.

गावाच्या नाक्यावर पोचले तर हे एका दगडावर गप्प बसलेले आणि केसरीनाथ पोट धरून हसत होता. समोर वीस-पंचवीस कुत्री. सगळ्यांना गेरू! पाठीवर, पोटावर, शेपटीच्या मुळाशी, गोल गोल ठसे. एक मांजरही गेरू लावून भिंतीवर बसलेलं.

"वयनी, बघा," केसरीनाथ म्हणाला. "गोदू आजीनं गावची सगळी कुत्री रंगवली. आता टोचलेलं कंचं नि न टोचलेलं कंचं?"

गोदू आजी तिथेच उभी होती. ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. तिच्याकडे चार बैल असायचे. पाडव्याला पहाटे ढोरं धुवायची, वाटीची कड गेरूत बुडवून त्यांच्या अंगावर ठसे मारायचे आणि पेंढ्याच्या जाळावरून पळवायची, हे या गावांत घरोघरी होतं. आता जमीन गेली, बैल गेले.

"म्हंजे काय करू?" आजी उलट माझ्यावरच आली. "गोठ्यात गोडावनचा जनरेटर बसलाय. पाडव्याला वाटीभर गेरू कालवला, तो काय माझ्या तोंडाला लावू? सरकारी मानसानं कुत्र्यांना गेरू लावलेला मी बघितला. म्हटलं, बरा हाय, आता कुत्र्यांचा पाडवा सुरू झाला. म्हून ऱ्हायलेल्यांना मी लावला. जाळावरून मातर एकपन उडी माराया तयार झाला न्हाय."

मला हसू आलं, पण मी रागात आलेली होते आणि राग वाया घालवायची मला सवय नाही. मी यांच्याकडे वळले. "बर्फ कुठाय? घरी! आणि इथे हा रंगपंचमीचा बाजार! सत्तावीस वर्षांत एक चूक दाखव म्हणता ना? ही घ्या, आज दोन दोन दाखवते!" असं म्हणत मी एक पाऊल मागे टाकलं आणि ते पडलं थेट पवळ्याच्या शेपटीवर.

पवळ्या म्हणजे आजीचा कुत्रा. रंगाने पांढराफटक. पवळ्या का, तर ढवळ्या नावाचा आधीच एक आहे, तो काळा. आजीने बैलांची नावं कुत्र्यांना दिली, रंग बघितला नाही. तर त्या पवळ्याने केकाटून माझ्या पोटरीत दात रुतवले आणि मग स्वतःच घाबरून आजीच्या मागे जाऊन बसला. दोन दातांची भोकं पडली. रक्त आलं.

दगडावर बसलेला माणूस एका क्षणात उठला. एवढ्या चपळाईने मी यांना लग्नाच्या पंगतीतसुद्धा उठताना बघितलेलं नाही. मला धरून नळाखाली नेलं, साडी गुडघ्यापर्यंत सरकवली आणि कपडे धुवायच्या साबणाने पोटरी धुवायला लागले. मनगटावरच्या घड्याळात बघून पंधरा मिनिटं. सगळा गाव बघतोय आणि आमचे हे भर नाक्यावर माझा पाय धुतायत! लग्नात नाही धुतला तो. आजी हळद आणि चुना घेऊन आली. हे तिच्यावर ओरडले, "काही लावायचं नाही! फक्त साबण आणि पाणी!" आजी हळद घेऊन परत गेली.

मग म्हणाले, "केसरीनाथ, रिक्षा काढ. सरकारी दवाखान्यात जायचंय. इंजेक्शनं घ्यायला."

माझे हातपाय गार पडले.

"मी येत नाही," मी म्हटलं. "कशाला? पवळ्याच्या कपाळाला गेरू आहे. तुमचाच ना? झाली ना त्याला लस? मग मला कशाला?"

"लस झालेला कुत्रा चावला तरी टोचून घ्यायचं, बकुळे. यात शंका ठेवायची नसते. रेबीज एकदा उमटला की जगात औषध नाही. माणूस जातोच."

"मग तुमची लस काय नळाचं पाणी आहे?" मी आवाज चढवला. भीती लपवायला मला तेवढंच येतं. "ऐका हो सगळ्यांनी! घरोघरी सांगतात, ठसा म्हणजे शिक्का, बिनघोर राहा. आणि बायकोला चावला तर यांचाच शिक्क्यावर विश्वास नाही! माझा आहे. आयुष्यात पहिल्यांदा ठेवलाय, ठेवू द्या."

लोकांना ते पटलं. बाळाराम म्हणून एक माणूस आहे, गोडाऊनला सुपरवायझर, तो तर मोठ्याने म्हणाला, "वयनी बरोबर बोलतात. गेरू हाय म्हंजे काम झालेला हाय." मी जिंकले होते. मी नळाच्या कठड्यावर बसून राहिले. आता मला तिथून हलवायला बैलच लागले असते आणि बैल गावात उरले नव्हते.

यांनी आधी माझ्याकडे बघितलं, पवळ्याकडे बघितलं. मग त्याच्याजवळ जाऊन बसले, त्याला चुचकारलं आणि साबणाच्या ओल्या हाताने त्याचं तोंड, कपाळ, सगळं खसखसून पुसलं. लोक हसले, पेशंटबरोबर कुत्र्याचीपण अंघोळ म्हणून.

उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा ठसा माझा नाही. आजीने लावलाय. खरं सांगायचं तर मला यातला कुठलाच ओळखता येत नाही. कुठल्या कुत्र्याला लस झालीय आणि कुठल्याला नाही, मी सांगू शकत नाही. माझा गेरू फसला."

कोणीतरी शिट्टी मारली. बाळाराम म्हणाला, "दादा, म्हंजे सत्तावीस वर्सं आमी नुसता मेकअप बघत होतो?" मोठा हशा झाला. हे मान खाली घालून उभे राहिले.

मला मात्र हसू आलं नाही. हा माणूस मरेल पण वही खोटी आहे म्हणणार नाही, तो जर म्हणतोय की सांगू शकत नाही, तर मग पवळ्याच्या तोंडात काय असेल? मी उठले आणि गुपचूप रिक्षात बसले.

दवाखान्यातलं फार सांगत नाही. दोन्ही दंडांत एकेक आणि चावल्याच्या भोवती वेगळी. मी ओरडले तशी रांगेतली दोन माणसं घरी गेली. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि शेवटचं अठ्ठाविसाव्या दिवशी. प्रत्येक वेळी यांनी माझा हात धरला आणि प्रत्येक वेळी मी यांना त्यांच्या फसलेल्या गेरूवरून शिव्या घातल्या. "तुमच्या त्या गेरूने मला सुयांवर बसवलं!" हे म्हणायचे, "हो गं. चुकलंच माझं." एकोणतीस वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारा झाला बिचारा.

बाहेरही तेच. अंजूरहून गोष्ट पूर्ण्याला गेली, पूर्ण्याहून सगळ्या गोडाऊनांवर. हे दिसले की पोरं कपाळाला बोट लावून दाखवायची. हे राहिलेली कुत्री टोचत पुढे जायचे. पहिले दहा दिवस मात्र रोज सकाळी अंजूरला जाऊन पवळ्याला एक बिस्किट घालून यायचे. चावलेला कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर त्याच्यात रोग नव्हता, असं समजतात म्हणे. पवळ्या धडधाकटच राहिला, वर बिस्किटांनी जाडा झाला.

अठ्ठाविसाव्या दिवसाचं शेवटचं इंजेक्शन झालं, त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी केसरीनाथला म्हटलं, चल, अंजूरला ने मला. डब्यात कोंबडीचे दोन तुकडे घेतले होते. ज्याने चावलं तो जिवंत आहे आणि मीही, म्हटलं बघून तरी येऊ. पवळ्याने तुकडे खाल्ले आणि माझी पोटरी हुंगली. लाज वाटली असावी. गोदू आजी ओट्यावर बसली होती.

मी तिला म्हटलं, "आजी, तू त्याच्या कपाळाला गेरू लावला नसतास तर मला एवढ्या सुया बसल्या नसत्या."

आजी चिडली. "कनाच्या कपालाला? मी कपालाला गेरू लावतंय व्हय? कपालाला कुंकू लावायचा असतो गो, ढोर असू दे न्हायतर कुत्रा. गेरू पाठीला नि पोटाला. नि तो वाटीनं, गोल. अंगठ्यानं मी कवा लावला? कपालाचा ठसा तुज्या नवऱ्याचा."

मी तिथेच ओट्यावर बसले.

घरी आले. हे फ्रिजसमोर थर्मामीटर बघत उभे होते. मी फ्रिजवरची वही ओढली. दिवाळीच्या आधीच्या फेरीचं पान काढलं. यांचं ते मोत्यासारखं अक्षर: अंजूर. गोदूबाई. कुत्रा, नर, पांढरा, डावा कान फाटका, नाव पवळ्या. लस दिली. गेरू.

मी बोट ठेवून वही यांच्या नाकासमोर धरली.

यांनी चष्मा सारखा केला, ओळ वाचली आणि म्हणाले, "बरोबर आहे नोंद."

"म्हणजे तुम्हाला ओळखू येत होतं! वाटीचे आजीचे आणि अंगठ्याचे तुमचे!"

"सहा वाजता पोचलो, सव्वासहाला कळलं. बर्फाशिवाय डबा उघडता येईना म्हणून बसून होतो. तुला सांगणारच होतो. पण तू बोलू कुठे दिलंस?"

"आणि पवळ्याचं कपाळ पुसलंत! सगळ्या गावासमोर स्वतःचं तोंड काळं करून घेतलंत! महिनाभर लोक हसतायत!"

"मग काय करू?" हे पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "दुसरं काय बोललो असतो तर तू रिक्षात बसली असतीस? सत्तावीस वर्षं मी लोकांना सांगतो, चावला की टोचून घ्या, कुत्र्याला लस झालेली असो नाहीतर नसो. आणि माझ्याच घरातलं माणूस नळावर बसून राहतं! हसू देत लोक. तू बसलीस ना रिक्षात!"

मी तिथेच रडायला लागले. मी सहसा रडत नाही, रडवते. हे गोंधळले, पाणी आणायला वळले आणि सवयीने म्हणाले, "बकुळे, दार." फ्रिज उघडाच राहिला होता.

पुढच्या आठवड्यात अंजूरला राहिलेली मांजरं आणि तीन महिन्यांची झालेली पिल्लं टोचायची होती. मी म्हटलं, मीही येते. हे म्हणाले, कशाला? म्हटलं, अभ्रे माझे आहेत, सोबत मी येणार.

नाक्यावर लोक जमले. यांनी गेरूची वाटी काढली तसा बाळाराम म्हणाला, "दादा, आज लिपस्टिक न्हाय का आनली?" परत हशा. हे मान खाली घालून सुई भरत राहिले.

मी लशीच्या डब्याजवळ उभी होते. तिथूनच आवाज लावला. "बाळाराम, इकडे बघ. सगळ्यांनी ऐका. गेरू फसला नव्हता. कपाळावरचा प्रत्येक ठसा यांचा होता आणि प्रत्येक ठसा खरा होता. वहीत आहे, वाचून घ्या. पवळ्याला लस झालेली होती."

"मग दादा खोटा कनाला बोलले?"

हे सांगायला मला दम लागला. "कारण मी सुईला घाबरते. भयंकर घाबरते. मेले असते पण दवाखान्यात गेले नसते. म्हणून या माणसाने स्वतःला खोटं पाडलं. आयुष्यात एकदाच खोटं बोलला आणि तेही माझ्या जिवासाठी. आता ज्याला हसायचं असेल त्याने मला हसा."

कोणी हसलं नाही. गोदू आजी तेवढी म्हणाली, "मना पयल्यापास्नं ठाव होता, कपालाला मी लावतंच न्हाय." बाळाराम गपचूप घरी गेला आणि स्वतःचं मांजर पिशवीत घालून घेऊन आला.

यांचे कान लाल झाले होते. माझ्याकडे न बघता, पिल्लाच्या कपाळावर अंगठा टेकवत म्हणाले, "बकुळे, डब्याचं झाकण."

एरवी मी चार शब्द सुनावले असते. मी झाकण लावलं.